अलास्कात सॅमन पकडायला लॉजवर जाताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतली आपली मंडळी हल्ली अलास्काची क्रूझ सोडून फिशिंग लॉजला पण जायला लागलीत, आणि परत आल्यावर दोन टोकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात, एक म्हणतो हात भरून आले इतके मासे, दुसरा म्हणतो एवढे डॉलर घातले आणि दिवसभर नुसतं पाण्यात उभं राहून आलो. दोघं कधीकधी एकाच लॉजवर जाऊन आलेले असतात बरं का. खोलात गेलं की कळतं, बहुतेक वेळा घोळ बुकिंग करतानाच झालेला असतो, खापर उगाच गाइडच्या माथी फुटतं.

सुट्टी बघून तारीख ठरवणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सॅमन काही तळ्यातला मासा नाही की कधीही जा आणि गळ टाका. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला ठरावीक दिवसांत नदीत चढतो, तेवढेच दिवस तुमचे. अलास्काच्या नैऋत्येला ब्रिस्टल बे भागात, म्हणजे नॅकनेक, क्विचॅक, नुशागॅक वगैरे नद्यांत, सॉकाय (ही सॅमनचीच एक जात, पुढे येणारे किंग, कोहो, पिंकही तशाच जाती) साधारण जूनच्या शेवटी यायला लागतो, ४ जुलैच्या आसपास नुसता लोंढा असतो (२०२२ साली इथे जवळपास ७ कोटी ९० लाख सॉकाय आले, तो विक्रम आहे) आणि जुलै संपता संपता ओसरतो. नंतर त्याच नदीत मासे दिसतात पण ते लालभडक झालेले, तोंड वाकडं झालेले, अंडी घालून मरायच्या तयारीत, त्यांचं मांस कुणी खात नाही. फोटो छान येतो एवढंच.

किंग येतो जून ते जुलै, कोहो म्हणजे सिल्व्हर ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पिंक या भागात मुख्यतः सम वर्षांत. लॉजवाले वेबसाइटवर लिहितात "जून ते सप्टेंबर सॅमन" आणि ते खोटं नाही, पण प्रत्येक आठवड्याचा मासा वेगळा असतो. म्हणून फोनवर सरळ विचारा, आम्ही येतोय त्या आठवड्यात कुठला मासा, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्या आठवड्यात काय लागलं होतं. उत्तर गोलगोल आलं तर दुसरं लॉज बघा. स्वतःही तपासता येतं. अलास्काचं फिश अँड गेम खातं नदीत चढणाऱ्या माशांचे रोजचे आकडे ऑनलाइन टाकतं. नॅकनेक-क्विचॅकसारख्या स्वच्छ पाण्याच्या नद्यांवर काठाला मचाण उभारलेलं असतं आणि माणूस त्यावर चढून दर तासाला दहा मिनिटं चक्क मासे मोजतो, केनाई नदीचं पाणी गढूळ म्हणून तिथे सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासे टिपणारं यंत्र. मागच्या वर्षांचे आकडे उघडून बघितलेत तर तारखेचा अंदाज तुमचा तुम्हालाच येतो.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने कोहोचा सीझन धरावा. चमचा म्हणा, स्पिनर म्हणा (दोन्ही धातूची चकाकती खोटी आमिषं), कोहो चिडून मागे लागतो आणि खेचतो, नवख्याला मजा येते, डासही तोवर कमी झालेले असतात. पाऊस मात्र जास्त, तेवढी तयारी ठेवा.

डोक्यात फक्त किंग घेऊन जाणे

१९८५ मध्ये लेस अँडरसनने केनाई नदीत ९७ पौंडांचा, म्हणजे ४४ किलोचा किंग पकडला होता आणि तेव्हापासून प्रत्येकाला तसलाच फोटो पाहिजे असतो. पण परिस्थिती बदललीय. अलास्कात किंगची संख्या बरीच घटलीय, केनाईवर गेल्या काही वर्षांत किंगची मासेमारी बंद ठेवायची वेळ आलीय, नुशागॅकवरही निर्बंध आलेत. शिवाय सीझनच्या मधेच इमर्जन्सी ऑर्डर निघते, आज चालू असलेली नदी परवा बंद होऊ शकते आणि यात लॉजचा काही दोष नसतो. म्हणून किंगसाठीच जात असाल तर बंदी आली तर पैशांचं काय, बदली काय देणार, हे डिपॉझिट भरायच्या आधी लेखी घ्या.

कुठल्या प्रकारचं लॉज ते न विचारणे

लॉज म्हणजे सगळीकडे एकच असं नाही. केनाईला अँकरेज या मोठ्या शहराहून गाडीने जाता येतं, तीनेक तास, तिथे दिवसापुरता गाइड घेऊन स्वस्तात भागतं, पण केनाईला मिळणाऱ्या रशियन रिव्हरच्या संगमावर सॉकायच्या दिवसांत जी गर्दी असते ती बघून साडेआठची विरार लोकल आठवेल. ब्रिस्टल बेला रस्ताच नाही, अँकरेजहून विमानाने किंग सॅमन (हे गावाचं नाव) किंवा डिलिंगहॅम गाठायचं, पुढे बोट नाहीतर फ्लोटप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. त्यातही नदीकाठचं लॉज असेल तर रोज बोटीने त्याच नदीवर, आणि फ्लाय-आउट लॉज असेल तर रोज फ्लोटप्लेनने वेगवेगळ्या नद्यांवर. पैशात मोठा फरक, फ्लाय-आउटचा आठवडा माणशी दहा हजार डॉलरच्या घरात सहज जातो. एका गाइडमागे पाहुणे किती, फ्लाय-आउट रोज की आठवड्यातून एकदाच, वेडर (पाण्यात उतरायची वॉटरप्रूफ पँट) आणि रॉड त्यांचे की आपले, मासा साफ करून गोठवून देण्याचे पैसे वेगळे का, आणि लायसन्स कोण काढणार, एवढं विचाराच. लायसन्स बहुधा तुम्हालाच काढायचं असतं, परराज्यातल्या किंवा परदेशी माणसाला सात दिवसांचं ४५ डॉलर, किंग पकडायचा तर त्याचा स्टॅम्प वेगळा, ऑनलाइन मिळतं.

आणि एक, फ्लोटप्लेन धुक्यात उडत नाही. अजिबात नाही. पायलट नाही म्हणाला की विषय संपला, त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो तुमचा जीव वाचवतोय. परतीचं मोठं फ्लाइट त्याच संध्याकाळी ठेवणारे लोक मग विमानतळावर रडत बसतात. मधे एक दिवस मोकळा ठेवा.

बॅग भरताना

हार्ड सुटकेस नको, छोट्या विमानात ती मावत नाही, मऊ डफल घ्या आणि वजनाची मर्यादा लॉजला विचारा. जीन्स आणि कॉटनचे कपडे घरी ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत आणि जुलैतसुद्धा पाणी गारठवणारं असतं, वेडरच्या आत लोकर किंवा सिंथेटिकच पाहिजे. पोलराइज्ड गॉगल नक्की, त्याशिवाय पाण्यातला मासा दिसत नाही आणि शेजाऱ्याचा उडालेला गळ डोळ्यात जायची भीती असते ती वेगळी. डीट असलेलं डासांचं औषध लावा पण हात पुसून मगच लाईनला, म्हणजे गळाच्या दोरीला, हात लावा, डीटने प्लास्टिक आणि फ्लाय लाईन खराब होते. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) प्रवासी विमानात नेता येत नाही, तो तिकडेच मिळतो आणि गाइडकडे असतोच. झोपताना डोळ्यावर पट्टी लागेल, जूनच्या शेवटी तिकडे अंधार असा फार होतच नाही.

मासे समोर दिसतायत पण लागत नाहीत

सॉकायच्या बाबतीत हे रोज कुणाचं ना कुणाचं होतं. आपल्यातले कोकणातले लोक लहानपणी खाडीवर गरवायला गेलेले असतात, त्यांना वाटतं आमिष दाखवलं की मासा धावेल. सॉकाय नदीत शिरल्यावर खाणं सोडून देतो. तो तोंड उघडझाप करत काठाकाठाने वर चाललेला असतो आणि तुमची फ्लाय (पिसं-दोरा बांधलेला हलका गळ) बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीवरून वाहत गेली तरच काम होतं.

मग चुका काय होतात, तर पहिली म्हणजे मांडीभर पाण्यात घुसून लांब फेकणं. मासा काठापासून चार-पाच मीटरच्या आत चालतो, तुम्ही त्याच्याच रस्त्यात उभे राहून पलीकडे गळ टाकताय आणि रांगेतल्या सगळ्यांचे मासे आत पळवताय. गुडघ्याच्या आतच थांबा, कधीकधी तर घोटाभर पाणी पुरतं. दुसरी म्हणजे गळ खाली नेणारं शिसं, म्हणजे लाईनीवरचं वजन, कमी-जास्त. वाहत जाताना शिसं तळाच्या दगडांना टक-टक लागलं पाहिजे, काहीच लागत नसेल तर वजन वाढवा, सारखं अडकत असेल तर कमी करा, गाइडला सांगितलंत तर तो अर्ध्या मिनिटात बदलून देतो पण लोक लाजून सांगतच नाहीत आणि तासभर तसंच फेकत राहतात. मासा पाठीत किंवा पोटात अडकला तर तो चालत नाही हं, गोड्या पाण्यात तोंडात लागलेलाच ठेवायचा, बाकी लगेच सोडायचे, हा कायदा आहे.

लाईन तुटतेय? बहुतेक वेळा ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, फार आवळलेला असतो किंवा गाठ कोरडीच ओढलेली असते, ओली करून आवळा. मासा धावत असताना रीळ फिरवू नका, त्याला पळू द्या, थांबला की फिरवा. उडी मारली की रॉडचं टोक खाली करा, नाहीतर ताणलेल्या लाईनीवर तो पडतो आणि गळ सुटतो.

दिवसभर काहीच लागलं नाही तर? होतं. समुद्राच्या तोंडाशी व्यापारी बोटींची जाळी असतात, भरती-ओहोटीवर मासे टप्प्याटप्प्याने आत येतात, मधले काही तास नदी रिकामी. अशा वेळी गाइडवर चिडण्यापेक्षा रेनबो ट्राउट या दुसऱ्या माशाच्या मागे चला म्हणा, त्याला पण बरं वाटतं.

अस्वल आलं तर

येणारच. ब्राऊन बेअर त्याच माशांवर जगतं. कटमाई नॅशनल पार्कमध्ये ब्रुक्स कॅम्पला उतरलात की आधी अस्वलांबद्दलची माहिती ऐकावी लागते, मगच पुढे सोडतात. तुमच्या गळाला मासा असताना अस्वल वळलं तर गाइड सांगेल लाईन तोड, तेव्हा "थांब, फोटो काढतो" करायचं नाही. पाण्यात फडफड ऐकली की फुकटचा मासा मिळतो हे त्याला एकदा कळलं की पुढचा प्रत्येक माणूस संकटात. पळायचं तर मुळीच नाही. डब्यातला लाडू खिशात ठेवून जॅकेट काठावर टाकणं पण बंद.

जेवण, टिप आणि मासा घरी नेणं

घरात कुणी शाकाहारी असेल तर महिनाभर आधी कळवा, सामान विमानाने येतं, ऐनवेळी पनीर कुठून आणणार. टिप साधारण खर्चाच्या दहा ते पंधरा टक्के धरतात, शेवटच्या दिवशी रोख, स्वयंपाकी आणि मदतनीसांचा वाटा त्यातच की वेगळा ते मॅनेजरला विचारून घ्या.

ताजा मासा आहे म्हणून लगेच सुशी करून खायची हौस नको, जंगली सॅमनमध्ये किडे असतात, कच्चा खायचा तर उणे २० अंशाला सात दिवस गोठवलेला लागतो, घरच्या फ्रीझरवर फार विश्वास ठेवू नका. गाभोळी मागून घ्या, बरेच गाइड ती आमिषाला वापरतात, हळद-मीठ लावून तळली की लॉजचा कुक पण चाखून जातो. फिलेट व्हॅक्यूम पॅक करून ५० पौंडांच्या खोक्यात चेक-इन होतात. अँकरेजला रात्र काढणार असाल तर खोलीपेक्षा आधी हॉटेलात पाहुण्यांसाठी फ्रीझर आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो. भारतात न्यायचा विचार सोडा, आयातीच्या नियमांची भानगड आणि वर दीड दिवसाचा प्रवास, त्यापेक्षा अमेरिकेतल्याच नातेवाइकांत वाटून टाका.