गावच्या घराला सेप्टिक टँक: आधी गाडीचं बघा

कोकणात गावच्या घराला सेप्टिक टँक घालायचा असेल तर काम दिवाळीनंतर काढा आणि शिमग्याच्या आत उरका. शिमग्यात गवंडी पालखीमागे असतो, मे महिन्यात सगळ्या चाकरमान्यांना एकदम घरं दुरुस्त करायची असतात त्यामुळे जेसीबीवाला फोन उचलत नाही, आणि पावसात खणायचं नावच काढू नका. सिमेंट, वाळू, पाईप गवंडी सांगेलच. ग्रामपंचायतीत विचारून घ्या, झालं.

आता खरं काम. टाकी भरल्यावर मैला उपसायची गाडी कुठे उभी राहणार? हे जागा ठरवायच्या आधी, खड्डा आखायच्या आधी, जेसीबी बोलवायच्या आधी. मागच्या वेळी आमचं नेमकं हेच राहिलं, टाकी घरामागे आडोशाला बांधली, दिसत नाही म्हणून सगळे खूष, भरल्यावर कळलं की गाडीचा पाईप तिथवर जातच नाही. तर दोरी घ्या आणि भरलेला टँकर जिथे खरोखर उभा राहू शकतो तिथून टाकीच्या जागेपर्यंत मोजा, हवेतून सरळ नाही, पडवीला वळसा घालून पाईप जसा जाईल तसं. मग तालुक्याच्या गावातल्या गाडीवाल्याला आत्ताच फोन करून विचारा की तुझा पाईप किती लांब. आत्ताच. गडग्याच्या बेड्यातून, म्हणजे दगडी कुंपणाच्या फाटकातून, गाडी आत येते का, ओढ्यावरचा साकव भरलेल्या टँकरचं वजन घेईल का, हेही बघा. वाट भावकीच्या आवारातून जात असेल तर टाकी रिकामी असतानाच बोलून घ्या, वास यायला लागल्यावर कोणी गोड बोलत नाही.

आणि नुसतं अंतर नाही, उंचीपण. आपल्याकडे रस्ता वर आणि घर खाली, पाखाडी उतरून जायचं. गाडीचा पंप मैला ओढून घेतो, ढकलत नाही, आणि असं ओढून साधं पाणीसुद्धा कागदावर दहा मीटरच्या वर चढत नाही, प्रत्यक्षात सहा-सात मीटरलाच दम लागतो, गाळ तर आणखी जड. म्हणजे टाकीचा तळ गाडीपेक्षा वीसेक फूट खाली असेल तर पाईप कितीही लांब आणा, उपयोग नाही. हे मला कुठल्याच गवंड्याने सांगितलं नाही, त्याला टाकी बांधायची असते, उपसायची नसते.

गाडी नाही पोचली तर माणूस उतरवू, असं म्हणणारा एक जण गावात भेटतोच. अजिबात नाही. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं आत उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आतल्या गॅसने माणूस दोन श्वासात पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून गाडी.

विहीर. शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, विहिरीपासून कमीत कमी १८ मीटर, म्हणजे साठ फूट, घरापासून ६ मीटर. आपल्या जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, घाण पाणी मातीत गाळलं न जाता थेट वाहत जातं, त्यामुळे साठ फुटांवर समाधान मानू नका, जितकं लांब जमेल तितकं आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला, वरच्या बाजूला कधीच नाही. शेजाऱ्याची विहीरही मोजा. ती विसरली की वाडीत तोंड दाखवायला जागा उरत नाही. खाली कातळ लागला तर शोषखड्डा पाणी पिणार नाही, म्हणून आधी छोटा खड्डा काढून भिजवा, पुन्हा पाणी ओता, रात्रभर तसंच राहिलं तर जागा बदला.

माप: दहा माणसांना, दोन वर्षांनी उपसायची धरून, आतून २ मीटर लांब, ०.९ रुंद, पाणी १.४ मीटर खोल आणि वर एक फूट मोकळं. एरवी घरात दोन म्हातारी माणसं आणि गणपतीत पंचवीस, असं असेल तर गणपतीचा हिशेब धरा. मध्ये आडभिंत, पहिला कप्पा दोन तृतीयांश. चिऱ्याची भिंत पाणी झिरपू देते, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर हवंच, गवंडी म्हणेल लागत नाही, ऐकू नका. प्लास्टिकची तयार टाकी बसवणार असाल तर आत पाणी भरत भरतच बाजूने थराथराने माती ढकला, आणि पावसाळ्यात रिकामी ठेवू नका, खड्ड्यात पाणी साचलं की ती वर उचलते.

मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी टाकीत नको, ते माडाला, केळीला सोडा.

झाकणं! दोन्ही कप्प्यांना, जमिनीच्या वर दिसतील अशी. त्यावर पेव्हर नको, तुळशीवृंदावन नको, लाकडं रचायची नाहीत. गाडी दारात आली आणि तोंडच सापडलं नाही तर गाडी येऊन काय फायदा, अंगण फोडायचं?

बाकी भराभर. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही पाईपांना टाकीच्या आत टी, म्हणजे इंग्रजी T सारखा जोड. व्हेंट पाईप, म्हणजे गॅस बाहेर सोडणारा, घराच्या छपरापेक्षा उंच, वर डासांची जाळी. पाईपाला उतार, काटकोनी वळण नको, वळणावर चेंबर. टाकी बुजवायच्या आधी पाण्याने भरून एक दिवस ठेवा, पातळी उतरली तर गळतेय. सुरुवातीला शेण टाकायची गरज नाही, ॲसिड मात्र संडासात ओतत बसू नका. बुजवायच्या आधी फोटो काढा आणि घराच्या कोपऱ्यापासून झाकणं किती फुटांवर ते विजेच्या मीटरच्या पेटीवर आतून खडूने नाही, ऑइलपेंटने लिहा. खाली गाडीवाल्याचा नंबर.