शंभर शब्दांच्या हेरकथांमधून आपल्या आवडत्या तीन कशा निवडाव्यात

शतशब्दकथांच्या स्पर्धेत वाचक म्हणून मत देणं सोपं वाटतं. कथा मिनिटभरात वाचून होते, शेवटच्या ओळीला धक्का बसतो आणि आपण पुढच्या कथेकडे वळतो. विषय हेरकथेचा असेल तर जवळजवळ प्रत्येक कथेत असा धक्का असतो. तीस-चाळीस कथा झाल्या की ते सगळे एकमेकांत मिसळतात आणि सगळ्यात शेवटी वाचलेल्या दोन-तीनच डोक्यात उरतात. लिहिणाऱ्याने एकेका शब्दासाठी जीव टाकलेला असतो, म्हणून निवडीला थोडी शिस्त हवी. तीन कथा निवडायच्या आहेत असं धरून मी कसं करते ते सांगते.

पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. गुण देऊ नका, खुणा करू नका. एका बैठकीत दहा-बारा कथा पुरे. त्यापुढे डोळे वाचतात पण मन वाचत नाही. यादीच्या क्रमानेच जाऊ नका. एक बैठक वरून सुरू केली तर पुढची खालून करा, नाहीतर तळाच्या कथांच्या वाट्याला कायम आपलं दमलेलं वाचन येतं.

दुसऱ्या दिवशी कथा न उघडता, आठवतील त्या कागदावर उतरवा. शीर्षक आठवलं नाही तरी चालेल. कथेतली वस्तू किंवा हालचाल लिहा. ‘बाकावरचं वर्तमानपत्र’ असं काही आठवत असेल तर ती कथा कच्च्या यादीत घ्या. ‘शेवटी तोच हेर निघाला’ एवढंच आठवत असेल तर घेऊ नका, कारण तसं अर्ध्या कथांबद्दल म्हणता येईल. मग न आठवलेल्या कथांवरून एकदा नजर फिरवा. हळू आवाजातल्या चांगल्या कथा आठवणीतून निसटतात आणि त्यातली एखादी हमखास परत यादीत येते.

आता खरं काम: शेवट माहीत असताना पुन्हा वाचणं. इथे घाई करू नका. मी काय शोधते ते दाखवायला एक छोटी कथा इथेच लिहिते.

‘दर मंगळवारी आजोबा बागेतल्या तिसऱ्या बाकावर बसायचे आणि उठताना वर्तमानपत्र तिथेच विसरायचे. नातीला त्यांच्या विसरभोळेपणाची काळजी वाटायची. या मंगळवारी ते वर्तमानपत्र काखेत घेऊन घरी आले. “आज विसरला नाहीत!” नात हसली. आजोबांनी दाराला आतून कडी लावली.’

पहिल्यांदा वाचताना कडीपाशी आपण थबकतो. दुसऱ्यांदा वाचताना ‘दर मंगळवारी’ आणि ‘तिसऱ्या’ हे शब्द वेगळे ऐकू येतात, कारण विसरभोळा माणूस वार आणि बाक इतका नेमका पाळत नाही. जो विसरभोळेपणा वाटला ती शिस्त होती, आणि वर्तमानपत्र परत आलं म्हणजे बागेत काहीतरी बिनसलं. सगळं आधीपासून डोळ्यांसमोर होतं. शिवाय नातीची काळजी खरी आहे आणि तिच्यापासून काय लपवलं गेलं ते तिला अजूनही ठाऊक नाही. मला ही कथा तिथे लागते.

आता शेवटच्या वाक्याच्या जागी हे ठेवून बघा: ‘आजोबा चाळीस वर्षं शत्रूचे हेर होते.’ माहिती वाढली, पण वाचकाला करायला काही उरलं नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कथेची शेवटची ओळ अशी हाताने झाकून पाहा. ती काढल्यावरही कथा उभी राहत असेल, तर त्या ओळीत लेखकाचा वाचकावरचा अविश्वास आहे. याउलट, शेवटाची एकही खूण आधी सापडत नसेल तर ती फसवणूक झाली. पाठलाग करणाराच हेर, बायकोच हेर, किंवा सगळं प्रशिक्षणच होतं, हे शेवट पुष्कळदा येतात. तेवढ्यावरून कथा बाद करू नका; मात्र शेवट कळल्यावरही पुन्हा वाचावीशी वाटते का, हे स्वतःला विचारा.

मग पाहायची ती हेरगिरी. कथेतून हेर काढून त्या जागी चोर किंवा खुनी ठेवला आणि काहीच बिघडलं नाही, तर ती दुसऱ्या प्रकारची कथा आहे. पिस्तूल आणि पाठलाग असला म्हणजे हेरकथा झाली असं नाही. खोटी ओळख, गुप्तपणे हातोहात गेलेली गोष्ट, कोणावर विश्वास टाकायचा हा पेच, यातलं काहीतरी कथेच्या मुळाशी हवं.

तपशिलाला मी फार मान देते. १९४३ साली ब्रिटिशांनी खोट्या कागदपत्रांसह एक मृतदेह स्पेनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडला. मित्रराष्ट्रांचा हल्ला सिसिलीऐवजी ग्रीस आणि सार्डिनियावर होईल असं जर्मनांना वाटावं, हा हेतू. त्या काल्पनिक ‘मेजर मार्टिन’च्या खिशात नाटकाच्या तिकिटांचे फाटलेले तुकडे होते, वाग्दत्त वधूची पत्रं होती, अंगठीची पावती होती आणि खात्यातून जास्त पैसे उचलल्याबद्दल बँकेचं पत्रही होतं. माणूस खरा वाटला तो या किरकोळ कागदांमुळे. शंभर शब्दांत असा एकच तुकडा मावतो. तो कोणता निवडलाय, यावरून लेखकाची नजर कळते. तीन-चार परकी नावं, दोन संघटनांची आद्याक्षरं आणि विमानतळ एवढं भरलेल्या कथेत माणसाला जागाच उरत नाही.

शीर्षकही वाचा. स्पर्धेच्या नियमात शीर्षक शब्दसंख्येत धरलेलं नसेल तर हुशार लेखक किल्ली तिथे ठेवतो. किल्ली असेल तर छान, उत्तरच असेल तर नाही.

एव्हाना पाच-सहा कथा उरतात. त्यांना गुण देत बसू नका. साडेसात आणि आठ यांतला फरक आपल्यालाच सांगता येत नाही. दोन-दोन कथा समोर ठेवा आणि यातली कोणती मित्राला वाचून दाखवाल ते ठरवा. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नियम आहे की तीन हेरांची बातमी जुळली की ती विश्वासार्ह मानावी, आणि त्या हेरांची एकमेकांशी ओळख नसावी. मी तो वाचनाला लावते: सकाळी ताज्या मनाने, रात्री दमल्यावर आणि एकदा मोठ्याने. आधीची निवड न बघता तिन्ही वेळा जी कथा वर आली, तिला पहिलं मत. मोठ्याने वाचताना जीभ अडखळली तर तिथे बहुधा एक शब्द जास्तीचा असतो.

लेखकाचं नाव शक्यतो झाकून ठेवा. ओळखीच्या माणसाची कथा यादीत आली तर ती एक वाचन जास्त करून तपासा, मग ती राहो वा जावो.

मत देताना एका ओळीचं कारण लिहा. तेही रहस्य न फोडता. ‘आजोबाच हेर निघाले, भारी!’ असं लिहिलंत तर पुढच्या वाचकाचं पहिलं वाचन गेलं. ‘तिसरा बाक आवडला’ एवढं लिहा. ज्याने कथा लिहिली त्याला ते बरोबर कळेल.