मातीचा बैल करता करता: बालवाडीत आभार, आकडे आणि बोटांची तयारी

शाळा सुरू होतात न होतात तोच बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, येतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, पाठोपाठ अमावास्येला मण्णेत्तिन अमावास्या आणि घरोघरी मातीचे बैल. चार ते साडेपाच वर्षांच्या मुलांना आभार मानायला शिकवायचं तर हाच मुहूर्त धरावा. ‘थँक्यू म्हण बघू’ म्हटलं की मूल शब्द पाठ करतं. आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं, हे त्याच्या नजरेला पडलं तरच तो शब्द त्याचा होतो. म्हणून बाईंचं पहिलं काम ते दाखवण्याचं.

वीस मुलांना पाच किलो मळलेली माती लागते, म्हणजे प्रत्येकी पाव किलो. कुंभाराकडची तयार माती सगळ्यांत बरी. शेतातली काळी माती वाळताना फार आकसते आणि तडकते. तीच वापरायची असेल तर चाळून, रात्रभर भिजवून, चौथा हिस्सा बारीक वाळू घालून हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळा.

प्रत्येकाच्या मातीचे आधी दोन भाग करून घ्या, एक मोठा, एक लहान. मोठ्याचं धड आणि डोकं, लहान्यातून पाय, शिंगं, कान, वशिंड, शेपूट. पाय वळायच्या आधी विचारा, ‘बैलाला पाय किती? मग मला तेवढे गोळे दे.’ नुसतं एक-दोन-तीन-चार म्हणणं वेगळं आणि चार गोळे मोजून हातात देणं वेगळं. पुष्कळ मुलं दहापर्यंत घडाघडा म्हणतात, पण चार मागितले की मूठभर देतात. अशा मुलाला पुन्हा म्हणायला लावू नका. एका गोळ्याला बोट लावायचं, एक आकडा म्हणायचा, गोळा बाजूला सरकवायचा. वर्गात कन्नड घरची मुलंही असतात, तेव्हा एका वेळी एकाच भाषेत शेवटपर्यंत मोजा. ‘एक, दोन, मूरु’ अशी सरमिसळ झाली की मुलाची माळ तुटते. मराठीत चार झाले की मग पुन्हा पहिल्या गोळ्यापासून ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.

पाय गळून पडणं ही ठरलेली तक्रार. कारण एकच: कोरड्या मातीला कोरडी माती चिकटवली जाते. जोडायच्या दोन्ही जागी काडीने ओरखडे काढा, दह्यासारखी पातळ केलेली माती लावा, दाबून धरा आणि सांधा बोटाने लिंपा. पाय मुलाच्या अंगठ्याएवढे जाड आणि आखूड ठेवा, लांब पाय धडाच्या वजनाने बसतात. बैल सावलीत वाळवा. उन्हात बाहेरची माती आधी आकसते, आतली ओली राहते, म्हणून भेगा पडतात. पावसाळी हवेत चार-पाच दिवस लागतील. डोळ्यांना चिंचोका, ज्वारीचा दाणा लावायचा मोह होतो, पण लहान मुलं असे दाणे नाकात घालतात. काडीने टोचून डोळा करा. खानापूर भागात सालासकटच्या काजूबिया सहज हाताशी असतात, त्या मोजायलाही देऊ नका. सालातल्या तेलाने कातडी भाजते.

या गोळे वळण्या-चिमटण्यातूनच पेन्सिल धरणारी तीन बोटं तयार होतात. याच महिन्यात पाटीवर उभ्या-आडव्या रेघा आणि गोल द्यावेत, तेही खडूच्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याने. अख्खा खडू मूल मुठीत धरतं, तुकडा चिमटीतच धरावा लागतो. अक्षरांची घाई नको.

बैल वाळत असताना गोल करून बसा, पंधरा मिनिटं पुरे. ‘बैल काय काय करतो? तू काय बघितलंस?’ असं विचारून मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहा. हे जमायला कठीण, पण उत्तर त्या शांततेतच येतं. ‘आमच्यात ट्रॅक्टर हाय’ असं कुणी म्हणेल. मग ट्रॅक्टर चालवणारा कोण, ते विचारा. तिथून ताटातल्या भातापर्यंत चार चित्रं लावायला द्या: रोप लावणी, भातगिरणी, चूल, ताट. लहानांना दोनच. चुलीपाशी आलं की मदतनीस मावशी त्या चित्रात येतातच. त्यांच्यासाठी मुलाने चित्र काढावं आणि ते जे बोलेल ते तुम्ही खाली जसंच्या तसं लिहावं. ‘मावशीनं गरम भात वाढल्यान’ म्हणालं तर ‘वाढल्यान’च लिहा, ‘वाढला’ नव्हे. मग प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर उतरतं, हे मुलाला तिथे कळतं.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. ‘आईबाबांचे आभार’ असा विषय देऊ नका. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं आजीकडे राहतात. ‘तुला आंघोळ कोण घालतं?’ विचारलं की प्रत्येकाकडे उत्तर असतं. आणि ताटात उरलं म्हणून ‘गरिबांना एवढंही मिळत नाही’ असं सुनावू नका, त्याने मूल फक्त ओशाळतं. पहिल्यांदा कमी वाढा, पुन्हा मागू द्या.

आभार मानले म्हणून चांदणी किंवा शिक्का देऊ नये, दुसऱ्याच दिवशी मुलं चांदणीसाठी आभार मानू लागतात. त्यापेक्षा रोज दोघांना मावशींच्या हाताखाली द्या, वाट्या मोजून मांडायला. किती मुलं आली, तेवढ्या वाट्या. एक कमी पडली तर कुणाची, हे त्यांनीच शोधावं.