उन्हाळ्यात मोटार वाढवू नका, पंप पाण्याजवळ न्या

मार्च-एप्रिलमध्ये शिरूर, पुरंदर, बारामतीच्या जिरायती पट्ट्यातल्या विहिरी झपाट्याने खाली जातात आणि इंदापूर-दौंडकडे उजनीचं फुगवट्याचं पाणी काठ सोडून मागे सरकतं. नेमक्या याच दिवसांत पंप पाणी कमी टाकायला लागतो आणि पाच हॉर्सपॉवरची मोटार काढून साडेसातची बसवायचं घाटतं. बऱ्याच ठिकाणी हा खर्च पाण्यात जातो. दुखणं मोटारीत नसतंच, सक्शनच्या उंचीत, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतच्या उभ्या अंतरात असतं.

सेंट्रिफ्युगल पंप पाणी ओढत नाही. इंपेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, फिरताना पाणी कडेला फेकतो, त्यामुळे मधोमध दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाण्याला सक्शन पाइपातून वर ढकलतो. ही हवेची ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला ती 10.3 मीटर पाणी तोलते. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर, त्यामुळे इथे साधारण 9.7 मीटर. त्यातून कोमट पाण्याच्या वाफेचा अर्धा मीटर, फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाची एकतर्फी झडप), बेंड आणि पाइपातलं घर्षण, शिवाय इंपेलरच्या तोंडाशी लागणारा दोन-तीन मीटरचा दाब वजा करा. हातात उरतात जेमतेम 6 मीटर, म्हणजे 20 फूट. मोठा पंप बसवला तरी हा आकडा वाढत नाही. उलट तो त्याच पाइपातून जास्त पाणी मागतो, घर्षण वाढतं आणि हाती आणखी कमी उरतं.

म्हणून आधी मोजा. पंप तासभर चालू द्या, विहिरीचं पाणी खाली बसू द्या, मग दोरीला वजन बांधून पंपाच्या शाफ्टच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचं उभं अंतर घ्या. सकाळी भरलेल्या विहिरीचं माप फसवतं. अंतर 20 फुटांच्या वर गेलं असेल आणि पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येत असेल, तर आत पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटत आहेत. असा पंप तसाच चालवला की इंपेलरच्या पात्यांवर, पाणी शिरतं त्या बाजूला, बारीक खड्डे पडतात. केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, उघडून बोट फिरवलं तर ते सहज लागतात.

उपाय एकच: पंप खाली घ्या. विहिरीच्या भिंतीत पक्के बसवलेल्या लोखंडी चॅनेलवर, सर्वांत कमी पातळीपासून 3-4 मीटरवर मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेला संच) बसवला की बहुतेक तक्रारी मिटतात. मात्र जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी तो वर काढायची सोय, म्हणजे पुली-साखळी आणि फ्लँजचे (बोल्टने उघडता येणारे) जोड, आत्ताच करून ठेवा. पाणी एका रात्रीत चढलं तर मोटार बुडते.

सक्शन पाइपात कंजूषी नको. सेकंदाला 10 लिटर पाणी जात असेल तर आतून 75 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात 100 मीटरला सुमारे 6.7 मीटर दाब घर्षणात जातो. 100 मिलिमीटरच्या पाइपात फक्त 1.7 मीटर. आपला पंप किती टाकतो ते बघायला 200 लिटरचं बॅरल पुरतं: 20 सेकंदांत भरलं तर सेकंदाला 10 लिटर. पाइप पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा राहिला की तिथे हवा साठते आणि पंप पाणी सोडतो. फुटव्हॉल्व्ह पाण्याखाली किमान 2 फूट आणि तळापासून फूटभर वर ठेवा. वर भोवरा दिसला तर हवा आत जातेय असं समजा. सक्शनच्या जोडाची गळती बाहेर दिसत नाही, कारण तिथून पाणी येत नाही, हवा आत शिरते. चालू पंपाच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत खेचला जाईल तिथलं वॉशर बदला.

आता एक चूक जी फार उशिरा लक्षात येते. लाइनवर काम झालं किंवा ट्रान्सफॉर्मर बदलला की कधी दोन फेज उलटतात आणि थ्री फेज मोटार उलटी फिरते. तरीही पंप पाणी टाकतोच, फक्त कमी, म्हणून संशय विहिरीवर जातो. इंपेलरची पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट वळलेली असतात, आणि ते उगाच नाही. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जॉन अॅपोल्ड यांच्या वक्र पात्यांच्या पंपाने सुमारे 68 टक्के कार्यक्षमता दाखवली. सरळ पात्यांचा इंपेलर 24 टक्क्यांच्या आसपास राहिला. उलट्या फिरणाऱ्या पंपात हीच पाती चुकीच्या बाजूने पाण्याला भिडतात, काही पंपांत इंपेलरचा नटही सैल होतो. केसिंगवरचा बाण बघा, मोटार क्षणभर चालू करून बंद करा आणि मागचा पंखा कुठल्या बाजूला फिरतो ते पाहा. उलटा असेल तर मेन स्विच बंद करून स्टार्टरवरच्या कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा.

इंजिनावर पट्ट्याने चालणाऱ्या पंपाची पुली बदलून वेग वाढवणारे हुशार कारागीर गावोगावी आहेत. त्यांनी हिशेब आधी करावा: वेग 10 टक्के वाढला तर पाणी 10 टक्के, पाणी चढवण्याची उंची 21 टक्के, पण लागणारी ताकद 33 टक्के वाढते. काळा धूर येतो तो इथूनच.

फुगवट्यावर किंवा मोठ्या शेततळ्यावर तराफा उत्तम. 200 लिटरची चार बंद लोखंडी बॅरलं स्वतःचं वजन सोडून 700 किलोंच्या आसपास तोलतात. पंप, फ्रेम, पाइप आणि एक माणूस मिळून 350 किलोंच्या आत राहा. 100 मिलिमीटरच्या पाइपात मीटरला जवळपास 8 किलो पाणी असतं, त्यामुळे डिलिव्हरी पाइपाला (पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या) स्वतःची बॅरलं द्या, तराफ्यावर भार टाकू नका. तराफ्याशी जोड लवचीक होजचा हवा, नाहीतर लाटेने फ्लँज तडकतं. केबल अखंड असावी, पाण्यावर जोड अजिबात नको. काठावर चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-स्विच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा) लावा. तराफ्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि स्विचजवळ माणूस उभा करा. थ्री फेज लाइट रात्री-अपरात्री येते. लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर चालू ठेवून कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.