इंग्लंडमध्ये ट्रेनी सॉलिसिटर व्हायचंय? अर्जाआधी अनुभवाची वही सुरू करा

पुण्या-मुंबईहून इंग्लंडला कायदा शिकायला आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे फर्ममधली दोन वर्षांची प्रशिक्षणाची नोकरी, कसं मिळेल? पण १ सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर (अशिलांना सल्ला देणारा, त्यांची कागदपत्रं पाहणारा वकील) होण्याचा तो एकमेव रस्ता राहिलेला नाही. एसक्यूई या सॉलिसिटर पात्रता परीक्षेचे दोन टप्पे उत्तीर्ण व्हायचे आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ किंवा एकूण तेवढाच भरेल इतका अर्धवेळ पात्र अनुभव, म्हणजे कायद्याच्या कामाचा अनुभव, दाखवायचा. तो जास्तीत जास्त चार संस्थांमध्ये मिळून चालतो. लॉ क्लिनिक (देखरेखीखाली विद्यार्थी लोकांना मोफत कायदेशीर मदत करतात ते केंद्र), सिटिझन्स ॲडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था, पॅरालीगलची म्हणजे वकिलाच्या सहायकाची नोकरी, परदेशातल्या फर्ममधलं कायद्याचं काम हे सगळं धरता येतं, बिनपगारी असलं तरी. भारतात सनद मिळालेल्या वकिलांना तर या अनुभवाची अट नाही. पण नोकरी देणारा इथल्या कामाबद्दल विचारतोच.

सुरुवात विद्यापीठाच्या लॉ क्लिनिकपासून करा. पहिल्या वर्षीच नाव द्या, तिसऱ्या वर्षी धावपळ नको. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. माझ्या मते अर्जाची निम्मी तयारी इथेच होते. नोंद अशी हवी: ‘भाडेकरूची ठेव परत मिळत नाही. करार वाचला, बँकेची पावती पाहिली. घरमालकाने ३० दिवसांत ठेव मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित केली नव्हती. पत्राचा मसुदा केला. सुपरवायझरने दोन परिच्छेद खोडले, कारण मागणी शेवटी गेली होती.’ अशिलाचं नाव, पत्ता कधीच लिहू नका, गोपनीयता पहिल्या दिवसापासून पाळायची. ‘क्लिनिकमध्ये मदत केली’ एवढंच लिहिलं तर वर्षभराने तुम्हालाच काही आठवणार नाही.

आता अर्ज. लंडनच्या मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं आधी भरती करतात आणि बरीचशी निवड व्हेकेशन स्कीममधून होते. म्हणजे सुटीत काही आठवडे फर्ममध्ये काम, शेवटी मुलाखत. कायद्याचे विद्यार्थी बहुधा दुसऱ्या वर्षी अर्ज करतात. मुदत संपायची वाट पाहू नका, काही फर्म अर्ज येतील तसे तपासतात. अनेक ठिकाणी वॉटसन ग्लेझर ही तर्काची चाचणी असते. तिचा सराव आधी करून ठेवा.

गावातल्या छोट्या फर्मची गोष्ट वेगळी. तिथे जागा निघेल तेव्हा भरतात, म्हणून थेट पत्र लिहा. कुटुंब, घर खरेदी, इमिग्रेशन यांपैकी फर्म काय करते ते वाचून एका पानात सांगा. ‘मला कायद्याची आवड आहे’ हे वाक्य काढा, त्या जागी ठेवीचं प्रकरण घाला: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, कुठे चुकलात, मग काय बदललंत. मुलाखतीतही हेच विचारतात, आणि चूक मोकळेपणाने सांगणारा उमेदवार विश्वास कमावतो.

एक काम हमखास राहून जातं. संस्था सोडण्याआधी अनुभवावर सही घ्या: तिथल्या इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची किंवा फर्मच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याची, म्हणजे फर्म नियम पाळते ना हे पाहणाऱ्याची. दोघंही नसतील तर तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या बाहेरच्या सॉलिसिटरची. तुम्ही निष्णात आहात असं त्यांना लिहून द्यायचं नसतं. काम किती काळ केलं, ठरलेली कौशल्यं घडवायची संधी मिळाली आणि त्या काळात तुमच्या चारित्र्याबद्दल शंका यावी असं काही घडलं का, एवढंच. जाताना वही समोर ठेवा, त्यांनाही तारखा आठवत नसतात.