एदुआर्दो दे फिलिप्पो : आधी नाटक वाचा, मग चित्रपट बघा

एदुआर्दो (१९००–१९८४) इटलीतल्या नेपल्सचा. नाटककार, नट, दिग्दर्शक सगळं एकच माणूस, आणि आपली नाटकं त्याने स्वतःच पडद्यावर आणली. त्यामुळे माध्यम बदललं की काय बदलावं लागतं, हे त्याच्याकडून फार छान शिकता येतं. पुण्यातल्या हौशी गटाने 'नापोली मिल्योनारिया'पासून सुरुवात करावी. दुसऱ्या महायुद्धातल्या नेपल्समधल्या एका घराची ही गोष्ट. नाटक १९४५चं, चित्रपट १९५०चा.

चित्रपट आधी बघू नका. मग वाचताना त्यातलेच चेहरे दिसत राहतात. तालमीच्या जागेत खडूने खोली आखा : तळमजला, दार थेट गल्लीत. शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याची रस्त्याकडची खोली डोळ्यांसमोर आणा. मग पहिला अंक मोठ्याने वाचा. पोलीस येतात तेव्हा काळ्या बाजाराचा माल लपवलेल्या पलंगावर घरातला बाप जेन्नारो मेल्याचं सोंग घेतो. भोंगा वाजतो, बॉम्ब पडू लागतात, तरी तो हलत नाही. इथे बहुतेक गट रडारड वाढवून प्रहसन करतात आणि प्रवेश हातचा जातो. पोलीस अधिकाऱ्याला सोंग कळलेलं असतं. त्याला बावळट केलात तर दोघांमधला ताण उरतच नाही. भोंग्यानंतरची शांतता लांबवा.

आता चित्रपट. तिथे मेल्याचं सोंग जेन्नारो घेत नाही, तोतो या इटालियन विनोदी नटाने रंगवलेला पास्क्वाले घेतो. त्या जागी थांबा आणि जेन्नारोच्या हातून काय गेलं ते वहीत लिहा.

भाषेचं म्हणाल तर मूळ संवाद नेपल्सच्या बोलीतले आहेत. इंग्रजीवरून थेट प्रमाण मराठीत आणले की माणसं पुस्तकी होतात. एक बोली ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना तीच द्या.

मग एदुआर्दोच्याच 'क्वेस्ती फान्तास्मी' (१९४६) या नाटकामधला कॉफीचा प्रवेश एकेका नटाकडून करून घ्या. बाल्कनीत बसलेला पास्क्वाले (हा वेगळा, नाव तेवढं तेच) समोरच्या प्राध्यापकाशी बोलतो, पण प्राध्यापक कधीच दिसत नाही. उलटं करायचं कॉफीपात्र खरं घ्या, नुसते हातवारे नकोत. खालचं पाणी उकळलं की ते उलटं करायचं, पाणी कॉफीच्या भुकटीतून हळूहळू झिरपतं, आणि वास उडू नये म्हणून तोटीवर कागदाची छोटी पुंगळी बसवायची. नजर प्रेक्षागृहातल्या एकाच ठरलेल्या खुर्चीवर हवी. ती भरकटली की समोरचा प्राध्यापक नाहीसा होतो. पुंगळी बसवताना हात घाईत असला तर पुन्हा पहिल्यापासून.