महिन्याभरात कादंबरीचा खर्डा कसा लिहावा (घर चालू ठेवून)

मी पाच वेळा महिन्याभरात कादंबरी लिहायला बसले. तीनदा खर्डा पुरा झाला, दोनदा फसला. पहाटे चारला उठा, फोन कपाटात ठेवा, डोंगरावर जाऊन राहा, हे सल्ले देणाऱ्यांच्या घरी दूध कोण तापवतं ते मला बघायचंय. वही, पेन आणि डोक्यात एखादं माणूस एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

आधी महिना निवडा. 'नॅनोरायमो' नावाची महिन्यात कादंबरी लिहायची टूम 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या 21 जणांनी काढली. पहिल्या वर्षी ती जुलैत झाली. मग नोव्हेंबर ठरला, कारण तिकडे तेव्हा हवा वाईट असते आणि माणसं घरात बसतात. ती चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद झाली, तरी आपल्याकडचे हौशी लोक अजून नोव्हेंबरच धरून बसतात. दिवाळी कधी त्याच महिन्यात येते, कधी नुकतीच आटोपलेली असते आणि घरात पाहुणे असतात. आपला वाईट हवेचा महिना जुलै. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, गणपतीला अवकाश असतो, आणि पावसामुळे कुणी सहज म्हणून टपकत नाही. मार्च आणि मे यांच्या वाटेला जाऊच नका.

मग आकडा. त्या टूमेत महिन्याला पन्नास हजार शब्दांचं लक्ष्य असायचं, पण ते इंग्रजीतलं. इंग्रजीत 'घरातूनसुद्धा' म्हणायला चार शब्द लागतात, आपलं एकात भागतं. मराठीत चाळीस हजार पुरेत. दिवस मात्र 26 धरा, एकतीस नव्हे. उरलेले पाच ताप, पाहुणे आणि वीज जाणं यांचे. म्हणजे रोज सुमारे 1,540 शब्द. माझ्या अक्षरात फुलस्केपची साडेसात पानं होतात.

वेळ सलग मिळणार नाही. तीन तुकडे करा आणि कामाला लागा.

व्यत्ययांचा लोक उगाच बाऊ करतात. बेल वाजते, सिलेंडरवाला येतो, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटतं. यात दहा-दहा मिनिटं जातात, कादंबरी जात नाही. उठताना वाक्य अर्धवट सोडा, एवढंच करा. 'तिने दार उघडलं तर समोर' इथे पेन ठेवलं की कुकर बंद करून आल्यावर हात आपोआप पुढे चालतो. वाक्य पुरं करून उठलात तर परत आल्यावर पुन्हा गाडी ढकलायला लागते.

खरा घात होतो नवव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान, आणि तो बाहेरून येत नाही. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो, शेवट दिसत नसतो, आणि मनात येतं, जरा मागचं वाचून बघू या, म्हणजे लय सापडेल. वाचू नका. माझे दोन्ही खर्डे इथेच मेले. दुसऱ्या वेळी बाराव्या दिवशी मला वाटलं की नायिकेच्या आत्याचं नाव सुमनऐवजी इंदू हवं. तेवढं बदलायला पहिलं प्रकरण उघडलं. तिथलं एक वाक्य लंगडं वाटलं. ते नीट केलं, तर पुढचं परिच्छेदात बसेना. आठ दिवस गेले. महिनाअखेरीस माझ्याकडे चौदा पानांचं सुरेख पहिलं प्रकरण होतं आणि कादंबरी नव्हती.

आता मी काय करते ते सांगते. लिहून झालेली पानं रोज रात्री मोठ्या क्लिपमध्ये अडकवून घरातल्या माणसाच्या ताब्यात देते. माझी नव्वद पानं धाकट्या जावेकडे होती. मी मागितली तर द्यायची नाहीत, असं तिला बजावलं होतं. तिने दिली नाहीत, वर वाचलीही नाहीत, याचा मला थोडा रागच आला. नाव बदलायचं असेल तर आजच्या पानापासून बदला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर नोंदवा: 'सुमन = इंदू, पान 61 पासून.' माहिती अडली तर चौकटी कंसात लिहा: [तलाठ्याकडे काय कागद लागतात?] आणि पुढे व्हा. तो कागद शोधायला फोन उचललात तर तासाभराने तुम्ही पैठणी बघत असता.

तरीही हात अडला, तर बोला. थोर रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीने 1866 च्या ऑक्टोबरात डोक्यावर करार लटकत असताना एक कादंबरी लघुलेखिकेला सांगून 26 दिवसांत पुरी केली, आणि पुढच्या वर्षी तिच्याशी लग्नही केलं. ती रात्री स्वच्छ प्रत करायची, तो दुसऱ्या दिवशी तपासायचा. त्याला ते जमलं, कारण तो दस्तयेव्हस्की होता. तुम्ही फोनच्या व्हॉइस टायपिंगला सांगा आणि तपासू नका. माझ्या नायिकेची सासू दोन पानं 'आसू' होऊन हिंडत होती. तशीच राहू दिली.

सोळावा दिवस ओलांडलात की पुढचं उताराचं आहे.

शेवट सुचला नाही तरी एकतिसाव्या दिवशी काहीतरी शेवट लिहा, अगदी सगळ्यांना एसटीत बसवून द्या. मग जावेकडची पानं घ्या, न बघता सुतळीने बांधा आणि माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यामागे ठेवा. दिवाळी झाल्यावर कंदील परत ठेवायला कुणीतरी वर चढेलच, तेव्हा गठ्ठा खाली मागवा.